आधी शिक्षिकेची गोष्ट, मग मुलांची

सिंगापूरच्या सरकारी शाळांत मराठीला गुण नाहीत. मातृभाषा म्हणून तिथे मंदारिन, मलय आणि तमिळ शिकवतात. भारतीय घरांतल्या ज्या मुलांची भाषा तमिळ नाही, त्यांना हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी किंवा उर्दू घेता येते. या पाचांत मराठी नाही. म्हणून मराठी घरातले मूल बहुधा हिंदी घेते, आईबाबांशी इंग्रजीत बोलते, सिनेगॉगमध्ये हिब्रू वाचते, आणि मराठीच्या वाट्याला उरतो आठवड्यातला एखादा तास. त्या तासाला परीक्षा नाही आणि त्याचा कुठल्या प्रवेशाला उपयोगही नाही. मुलाने तिथे का यावे, हा प्रश्न पालक विचारत नसले तरी मूल विचारतेच.

बाराखडी गिरवून घेणे हे त्याचे पुरेसे उत्तर नव्हे. सण-उत्सवाला पाठ करून म्हटलेले भाषणही नव्हे, कारण ते पाठ होते आणि विसरलेही जाते. बेने इस्राएल मुलाला मराठी शिकण्याचे खरे कारण त्याच्या घरातच असते. घरात एक आजी किंवा पणजी असते, तिच्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ असते, आणि ते ती मराठीतच सांगू शकते. तेव्हा वर्गाने त्या गोष्टीपासून सुरुवात करावी: मुलाने ती ऐकावी, लिहावी, आपल्या आवाजात बोलावी आणि घरातल्या जुन्या फोटोंसह तिचा दोन-तीन मिनिटांचा चित्रपट करावा. या पद्धतीला जगभर डिजिटल गोष्ट म्हणतात. ती वर्गात आणण्याच्या बाजूने बोलणारे आता पुष्कळ आहेत. पण बहुतेकांचा भर मुलांनी काय करावे यावर असतो. सुरुवात शिक्षिकेपासून व्हायला हवी, हे कोणी फारसे म्हणत नाही.

ही पद्धत जन्मली ती शाळेत नाही. १९९०च्या दशकात कॅलिफोर्नियात डेना ॲचली आणि जो लॅम्बर्ट या दोघांनी सामान्य लोकांना जमवून कार्यशाळा घ्यायला सुरुवात केली. त्यांतूनच पुढे बर्कलीचे सेंटर फॉर डिजिटल स्टोरीटेलिंग उभे राहिले. रीत साधी होती. आठ-दहा माणसांनी गोल बसायचे, प्रत्येकाने आपल्या आयुष्यातला एक प्रसंग सांगायचा, बाकीच्यांनी ऐकायचा. मग तो अडीचशे-तीनशे शब्दांत लिहायचा, स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करायचा, आणि मग त्यावर मोजके फोटो लावायचे. संगणक शेवटी येई. २००१ साली बीबीसी वेल्सने डॅनियल मेडोज या छायाचित्रकाराच्या पुढाकाराने ‘कॅप्चर वेल्स’ हा उपक्रम सुरू केला आणि गावोगाव जाऊन लोकांकडून असे चित्रपट करवून घेतले. तिथे इंग्रजीबरोबर वेल्श भाषेतही गोष्टी झाल्या. मोठ्या भाषेच्या शेजारी राहणाऱ्या लहान भाषेला ही पद्धत मानवते, याचा तो चांगला दाखला आहे.

या सगळ्यात लक्षात घेण्याची बाब अशी की, तिथे यंत्र शिकवण्याचा वेगळा तास नव्हता. माणसे स्वतःची गोष्ट पुरी करण्यासाठी धडपडत होती आणि त्या धडपडीत यंत्र शिकत होती. शिक्षकांसाठी होणारी प्रशिक्षणे नेमकी याच्या उलट चालतात. पडद्यावर कुठले बटण दाबायचे, तुकडा कसा कापायचा, अक्षरे कशी फिरवायची, हे दोन तास दाखवले जाते. शिक्षिका वहीत लिहून घेते, आणि पुढच्या आठवड्यात ॲपचे नवे रूप आले की वही निकामी होते. शिवाय वर्गातली बारा वर्षांची मुलगी ते सगळे तिच्याहून जलद करते. मग शिक्षिकेला वाटते, या विषयात आपले काम काय?

तिचे काम बटणांपलीकडचे आहे, आणि ते तिला स्वतःचा चित्रपट केल्याखेरीज कळत नाही. आईने सांगितलेली चाळीस मिनिटांची आठवण तीन मिनिटांवर आणताना काय टाकायचे, हे ठरवणे जिवावर येते. स्वतःचा आवाज रेकॉर्ड होऊन परत ऐकला की तो परका वाटतो, आणि आपली मराठी किती पुस्तकी किंवा किती इंग्रजाळलेली आहे ते तिथेच कळते. आत्याच्या फोटोसाठी आत्याची परवानगी घ्यावी लागते आणि आत्या नको म्हणते. या तिन्ही अडचणींतून जी गेली आहे, तिला अकरा वर्षांच्या मुलाजवळ बसून काय बोलावे ते कळते. “अजून फोटो लाव” असे ती म्हणत नाही. ती विचारते, “आजी दारात उभी होती असं तू लिहिलंयस. कुठल्या दारात?” एवढ्या एका प्रश्नाने मूल परत आजीकडे जाते, आणि मराठीचा तास घरी सुरू होतो.

म्हणून वारसावर्गात शिकवणाऱ्या प्रत्येकाने, वर्गाला गृहपाठ देण्याआधी, आपली एक गोष्ट करून मुलांना दाखवावी. ती चांगली साधली नाही तरी चालेल. किंबहुना थोडी ओबडधोबड असली तर मुलांना धीर येतो.

समाजातल्या काही ज्येष्ठांना हे सारे नवे थेर वाटते. मुलांच्या हातातला मोबाइल काढून घ्यायचा सोडून वर्गच तो हातात देतो, अशी त्यांची तक्रार आहे, आणि ती अगदीच खोटी नाही. पण नवे साधन हाती घेऊन मुलांना धर्म आणि भाषा शिकवणे ही बेने इस्राएलांत जुनीच रीत आहे. हग्गादा या शब्दाचा अर्थच ‘सांगणे’. मुंबईत १८४६ साली मराठी भाषांतरासह शिळाछापावर हग्गादा निघाली, तेव्हा शिळाछाप हे त्या काळचे नवे साधन होते. पुण्यात १८७४ साली छापलेल्या हग्गादेत तर चित्रे आहेत, आणि मात्झा करणाऱ्या बायका तिथे साडीत दिसतात. युरोपातल्या चित्रांची घडण घेऊन तीत घरच्या बायका बसवणाऱ्याला नेमके कळले होते की मुलाचे लक्ष कुठे जाते.

कीर्तनाचे उदाहरण याहून बोलके आहे. १८८०च्या सुमारास बेंजामिन शिमशोन अष्टमकर आदी मंडळींनी हिंदू हरिदासांची कीर्तनाची रीत उचलली आणि तोराहमधल्या कथा मराठीत रंगवून सांगायला सुरुवात केली. गद्य, पद्य, गाणे, वाद्य, हातवारे, मध्येच एखादा विनोद, हे सारे एकत्र. आजच्या भाषेत त्याला मल्टिमीडिया म्हणायला हरकत नाही. मूर्तिपूजकांची रीत सिनेगॉगच्या लोकांनी का घ्यावी, असे तेव्हाही कोणाला वाटले असेल. ज्यांना हिब्रू कळत नव्हते, त्यांना अब्राहामाची आणि योसेफाची कथा कळली ती मात्र या रीतीने. आणि कीर्तनकार होण्यासाठी आधी स्वतः उभे राहून कीर्तन करावे लागे. वाद्य कसे वाजवतात याची माहिती घेऊन कोणी कीर्तनकार झाला नाही.

सिंगापूरमध्ये राहणाऱ्यांना शेजारच्या घरांकडे पाहूनही या प्रश्नाचे मोल कळेल. १९७९ साली इथे मंदारिन बोलण्याची मोहीम सुरू झाली, आणि होक्कियन, तिओच्यू, कँटोनीज या बोली हळूहळू रेडिओ-टीव्हीवरून गेल्या. त्याआधी रेडिफ्यूजनच्या तारेवरच्या रेडिओवर ली दाई सोर कँटोनीजमध्ये गोष्टी सांगत, आणि ऐकायला माणसे कॉफीच्या दुकानांत जमत. आज चिनी घरांतली कित्येक नातवंडे आजीशी मोडक्यातोडक्या दहा शब्दांपलीकडे बोलू शकत नाहीत. योगायोग असा की त्याच १९७९ साली सरकारने मौखिक इतिहासाचा विभागही स्थापन केला. ज्येष्ठ नागरिकांच्या मुलाखती तिथे ध्वनिमुद्रित होऊ लागल्या, आणि त्या बोलींतही झाल्या. एका हाताने जे चालले होते ते दुसऱ्या हाताने पेटीत जपून ठेवण्यासारखे ते होते. मराठीला इथे कोणी बंदी केलेली नाही, पण घराघरांतला परिणाम फारसा वेगळा नाही.

वॉटर्लू स्ट्रीटवरच्या मगेन आबोथ सिनेगॉगशेजारी, जेकब बलास सेंटरमध्ये, २०२१ साली सिंगापूरच्या ज्यूंचे संग्रहालय सुरू झाले. तिथली कथा मुख्यतः बगदादी कुटुंबांची आहे आणि ते स्वाभाविक आहे. १८७८चे मगेन आबोथ आणि मनासे मेयर यांनी बांधलेले १९०५चे चेसेद-एल ही त्यांचीच उभारणी, आणि १९५५ साली मुख्यमंत्री झालेले डेव्हिड मार्शलही त्यांच्यातलेच. कोकणातून मुंबईत आणि मुंबईतून इथे आलेल्या मूठभर घरांसाठी कोणी वेगळे दालन बांधणार नाही. तशी अपेक्षाही गैर आहे. त्यांची गोष्ट त्यांच्या मुलांनीच केली तर होईल.

आणि ती करण्याजोगी आहे. केवळ आडनावांवरून सुरुवात केली तरी पुरे: किहीमचे केहिमकर, राजपूरचे राजपूरकर, अष्टमीचे अष्टमकर. आपल्या आडनावातले गाव नकाशावर शोधणे, ते आज कसे दिसते हे पाहणे, आणि तिथून कोण कधी निघाले ते घरात विचारणे, यात तीन मिनिटांचा ऐवज सहज आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनवार तेली ही ओळख मुलाने पुस्तकात वाचलेली असते, पण आपल्या घरात ती कशी सांगतात हे त्याला ठाऊक नसते.

सणांची जुनी नावे हा तर मोठा ठेवा आहे. हाइम सॅम्युएल केहिमकरांनी १८९७ साली पुऱ्या केलेल्या आणि १९३७ साली तेल अवीवमध्ये छापल्या गेलेल्या इंग्रजी इतिहासात ती येतात: रोश हशानासाठी नवियाचा सण, योम किप्पूरसाठी दारफाळणीचा सण, पेसाहसाठी अनाशी ढाकाचा सण, पुरीमसाठी होळीचा सण, तिशा बेआवसाठी बिरड्याचा रोजा. इथल्या मुलाला यांतली हिब्रू नावे नीट येतात. मराठी नावे त्याच्या आजीने कदाचित ऐकलेली असतात, आईने अर्धवट. बिरड्याचा रोजा म्हणजे काय हे सांगायला वाल भिजत घालणे, मोड आणणे आणि सोलणे यांविषयी बोलावे लागते, आणि सोललेल्या वालांच्या टोपलीशेजारी बसूनच ते नीट बोलता येते. पुस्तकात नाव उरते, पण ते म्हणताना आजीचा सूर कुठे चढतो ते उरत नाही. आवाजाच्या फितीत ते उरते.

मलिद्याचेही तसेच. पोहे, नारळ, साखर, वेलची, सुकामेवा, वर फळे. कृती दोन ओळींची आहे आणि कुठेही मिळते. पण पोहे किती भिजले की थांबायचे हे आजी बोटांनी ठरवते आणि तोंडाने काहीतरी पुटपुटते. चित्रपटात हवे ते तेच. एलियाहू हन्नबीची आठवण काढताना ती आधी काय म्हणते, कोणाचे नवस सांगते, खंडाळ्याच्या खडकाविषयी काय ऐकलेले आहे, हे विचारायचे. मूल विचारते, “आजी, तू लहान होतीस तेव्हा मलिदा कोण करायचं?” आणि पहिल्यांदाच आजीच्या आजीचे नाव घरात निघते. काही घरांत हे प्रश्न अवघड जागीही पोचतील. १९६०च्या दशकात इस्राएलमध्ये बेने इस्राएलांच्या विवाहांवर धर्मपीठाने शंका घेतली, त्यांना त्याविरुद्ध आंदोलन करावे लागले, आणि १९६४ साली संसदेला त्यांच्या बरोबरीच्या दर्जाविषयी बोलावे लागले. त्या आठवणी ज्यांच्या आहेत त्यांना सांगायच्या नसतील, तर नातवाने तिथे थांबावे. सांगायच्या असतील तर वर्गाने कचरू नये.

फोटोंतून गोष्ट काढण्याचा उत्तम नमुना ज्यूंमध्येच आहे. व्हिएन्नामधल्या सेंट्रोपा या संस्थेने २०००पासून मध्य आणि पूर्व युरोपातल्या वृद्ध ज्यूंच्या मुलाखती घेतल्या. त्यांनी कॅमेरा लावून साक्ष घेतली नाही. जुना आल्बम उघडून ‘हा कोण, ही कोण’ असे विचारत गेले. छळाच्या वर्षांइतकेच महत्त्व त्यांनी शाळा, लग्ने, सहली, शेजारी यांना दिले. पुढे त्याच फोटोंवर आवाज चढवून छोटे चित्रपट झाले आणि ते शाळांत दाखवले जातात. आल्बम उघडा ठेवून बोलणे ही युक्ती मराठी घरांना सहज जमेल. ज्येष्ठ मंडळी कॅमेऱ्यापुढे अवघडतात, फोटोपुढे खुलतात.

आता एक नवा मोह आला आहे आणि त्याबाबतीत वर्गाने कडक असावे. इस्राएली कंपनी मायहेरिटेजने २०२१ साली जुन्या फोटोतला चेहरा हलता करणारे साधन काढले. पणजोबा मान वळवतात, पापणी लववतात, किंचित हसतात. आता तर लिहून दिलेले मराठी यंत्र स्वच्छ आवाजात वाचूनही दाखवते. मुलांना हे फार आवडते, आणि एकदा पाहायला मजाही येते. परंतु ते हसू पणजोबांचे नाही. दुसऱ्याच कोणाच्या हालचाली त्यांच्या चेहऱ्यावर बसवलेल्या असतात. यंत्राचा आवाज ळ आणि ण अचूक उच्चारतो, मुलाची जीभ अडखळते, आणि म्हणून मूल यंत्राला पुढे करते. इथे शिक्षिकेने नाही म्हणावे. मुलाने अडखळत ‘नारळ’ म्हणणे हाच तर मराठीचा तास आहे. पाच वेळा रेकॉर्ड करून सहाव्यांदा जमते, आणि परीक्षेच्या धाकाशिवाय एकच वाक्य कोणी मूल सहा वेळा म्हणत असेल तर ते याच कामात.

कामाच्या बाबतीत दोन-चार गोष्टी कोणीतरी आधी सांगायला हव्यात. मराठीत तीन मिनिटांसाठी तीनशे शब्द पुष्कळ होतात. आजीच्या चालीने बोलायचे तर अडीचशेच्या आत थांबावे. फ्लॅटमध्ये पंखा, एसी आणि खालच्या रस्त्याचा आवाज सगळा फोनमध्ये येतो. म्हणून कपड्यांच्या कपाटाजवळ, फोन विमान मोडवर टाकून, तोंडापासून वीतभर अंतरावर घडी केलेल्या टॉवेलवर ठेवून बोलावे. जुना फोटो फ्लॅशशिवाय, खिडकीच्या उजेडात, सपाट ठेवून घ्यावा, आणि त्याची मागची बाजूही टिपावी, कारण नावे आणि तारखा तिथे असतात. व्हॉट्सॲपवर फोटो साधा पाठवला की त्याचा दर्जा उतरतो, तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. काही ॲपमध्ये देवनागरी अक्षरे फुटतात, ऱ्हस्व इकार भलत्या जागी जातो, जोडाक्षरे मोडून पडतात. शीर्षक चढवण्याआधी ‘शक्तिमान’ हा एक शब्द लिहून पाहिला तरी कळते.

शब्बाथला आणि सणाच्या दिवशी रेकॉर्डिंग नको, हे उघड आहे, तरी ते आधीच ठरलेले बरे. नेमके त्या दिवशीच सगळे कुटुंब एकत्र असते आणि मुलाचा हात फोनकडे जातो. सणाच्या जेवणाचे बोलणे आदल्या दिवशी, तयारी चालू असताना टिपावे. स्वयंपाकघरात तेव्हा जास्त मराठी असते.

चित्रपट झाल्यावर तो लगेच यूट्यूबवर टाकण्याची घाई करू नये. आधी ज्यांचा आवाज आणि चेहरा आहे त्यांना पुरा दाखवावा आणि त्यांनी म्हटलेला भाग काढावा. मग वर्गात, आजी-आजोबांना बोलावून, मोठ्या पडद्यावर दाखवावा. मूळ आवाजाच्या आणि फोटोंच्या फाइली, कोण बोलले, कुठे, कोणत्या साली, अशा चिठ्ठीसह दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. एक प्रत घरी, एक वर्गाकडे. परवानगी असेल तर तिसरी प्रत लोद, रामला, अश्दोद किंवा दिमोनाच्या नातलगांना जावी. तिथली मुले आता हिब्रूच बोलतात. त्यांच्या आजी-आजोबांपाशी मात्र हेच फोटो दुसऱ्या बाजूने पाहिलेले असतात, आणि कोणत्या काकाचे नाव चुकले हे तेच सांगू शकतात. अशी दुरुस्ती मराठीत लिहिलेल्या पत्राने किंवा बोललेल्या निरोपाने आली, तर ती चित्रपटाबरोबरच जपून ठेवावी, आणि पुढच्या सत्रात शिक्षिकेने त्याच निरोपापासून वर्ग सुरू करावा.